दुर्बिणीला मोबाईल लावून पक्ष्यांचे फोटो : लोणारच्या थंडीत काय जमते, काय बिघडते?

डिसेंबर-जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, कधी त्याखालीही जातो. स्थलांतरित पक्षी पाणवठ्यांवर असण्याचे दिवसही हेच. लोणार सरोवराच्या कडेवर, खडकपूर्णा धरणाच्या काठावर किंवा ज्ञानगंगा अभयारण्यातल्या तलावांपाशी तिकाटण्यावर एकनळी दुर्बीण ठेवून तिच्या मागच्या टोकाला मोबाईल अडकवलेले पक्षीनिरीक्षक याच दिवसांत दिसतात. या एकनळी दुर्बिणीला स्पॉटिंग स्कोप म्हणतात आणि तिच्यातून फोटो काढण्याच्या पद्धतीला डिजिस्कोपिंग.

स्वस्त आणि सोपी म्हणून ही पद्धत लोकप्रिय झाली. ती स्वस्त आहे, यात शंका नाही. ६०० मिलिमीटरची व्यावसायिक लेन्स दहा लाख रुपयांच्या पुढे जाते, तर कामापुरता स्कोप काही हजारांत मिळतो. सोपी मात्र ती नाही, आणि थंडीत तर नाहीच. दव, धुके, थरथरती हवा, अपुरा उजेड आणि गारठलेली बोटे यांमुळे पहाटे तीन तास खर्चूनही हाती धूसर ठिपके येतात. ते का येतात हे कळले, तर निम्मे तरी टाळता येतात.

ही पद्धत आली कुठून?

दुर्बिणीच्या नेत्रिकेला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, डोळ्याऐवजी कॅमेरा लावायची कल्पना आकाशनिरीक्षकांकडे पूर्वीपासून होती. फिल्मच्या काळात तिचा फारसा उपयोग होत नसे. छायाचित्र जमले की नाही हे रोल धुतल्यावरच कळे, आणि ३६ फोटोंतले ३५ वाया गेलेले असत. डिजिटल कॅमेऱ्याने फोटो लगेच पडद्यावर दाखवला तेव्हा चित्र बदलले. १९९९च्या सुमारास मलेशियातले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी छोटा डिजिटल कॅमेरा स्कोपच्या नेत्रिकेला टेकवून काढलेले फोटो जगभरच्या पक्षीप्रेमींपुढे आणले. ‘डिजिस्कोपिंग’ हा शब्द फ्रान्सचे पक्षीनिरीक्षक आलाँ फोसे यांचा. त्याच वर्षी आलेला निकॉनचा कूलपिक्स ९५० हा कॅमेरा या कामासाठी पुढे अनेक वर्षे वापरला गेला, कारण त्याचे भिंग लहान होते आणि झूम करताना बाहेर येत नसे. आज ती जागा मोबाईलने घेतली आहे. त्याचेही भिंग इवलेसे असते आणि जागचे हलत नाही.

लोणारला स्कोपच का?

लोणार विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि कडेपासूनची खोली सुमारे १३७ मीटर आहे. तळाशी जवळपास १.२ किलोमीटर व्यासाचे खारे, अल्कधर्मी पाणी आहे. कडेवर उभे राहिले, तर सर्वांत जवळच्या काठालगतचा पक्षीही साडेतीनशे-चारशे मीटर दूर असतो. समोरचा काठ दीड किलोमीटरवर. साध्या कॅमेऱ्याला तिथे पाणी दिसते, पक्षी दिसत नाही.

खाली उतरून जवळ जाता येते, पण अडचण तिथेच सुरू होते. उघड्या काठावर माणूस दिसला की बदके उडतात, चक्कर मारून दुसरीकडे बसतात आणि दहा मिनिटांनी पुढचा माणूस येतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला हिवाळाभर खाऊन चरबी साठवायची असते, परतीचा प्रवास तिच्यावरच होतो. दर उड्डाणाला त्यातले थोडे खर्च होते आणि खाण्याचा वेळही बुडतो. एका माणसाने एकदा उडवले तर बिघडत नाही. सुटीच्या दिवशी पन्नास जणांनी उडवले, तर पक्षी ती जागा सोडतात.

नोव्हेंबर २०२०मध्ये लोणार सरोवर रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाले. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर-मधमेश्वरनंतरचे हे महाराष्ट्रातले दुसरे रामसर स्थळ. त्या नोंदीत इथल्या १६० पक्षीजाती, ४६ सरीसृप आणि १२ सस्तन प्राण्यांचा उल्लेख आहे. पांढऱ्या मानेचा करकोचा, छोटी लालसरी हे बदक आणि लांडगा यांची नावे त्यात ठळकपणे येतात. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, टिबुकली हे नेहमीचे मानकरी. विवराच्या उतारावर झाडी आहे. तिथे नीलपंखापासून शिंपी पक्ष्यापर्यंत बरेच काही दिसते, पण ते स्कोपचे काम नव्हे. फांदीवरून फांदीवर उडणारा पक्षी स्कोपच्या अरुंद चौकटीत सापडेपर्यंत निघून गेलेला असतो. स्कोप पाण्यावर बसलेल्या, चिखलात चरणाऱ्या, निवांत पक्ष्यांसाठी.

किती मोठा फोटो मिळतो?

हिशेब सोपा आहे. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचे भिंग जुन्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याच्या भाषेत साधारण २६ मिलिमीटरचे असते. स्कोपला २० पट वर्धनावर तो लावला की २६ गुणिले २०, म्हणजे ५२० मिलिमीटर. पण या स्थितीत चित्राभोवती काळे वर्तुळ येते, कारण मोबाईल नेत्रिकेच्या गोलाबाहेरचेही टिपत असतो. ते घालवायला मोबाईलवर दुप्पट झूम करावे लागते. मग आकडा १०४० मिलिमीटरवर जातो.

१०४० मिलिमीटरच्या चौकटीत ४०० मीटरवरचा सुमारे १४ मीटर रुंदीचा पट्टा मावतो. चक्रवाक साधारण ६५ सेंटिमीटर लांब. म्हणजे फोटोच्या रुंदीचा एकविसावा भाग. फोटो ४,००० पिक्सेल रुंद असेल, तर त्या बदकाच्या वाट्याला १९० पिक्सेल येतात. ओळखायला पुरेसे, भिंतीवर लावायला नाही. समोरच्या काठावरच्या चक्रवाकाला तर जेमतेम ५० पिक्सेल मिळतात.

समाजमाध्यमांवर दिसणारे पिसन् पीस मोजता येईल असे फोटो पन्नास-शंभर मीटरवरून काढलेले असतात. लोणारच्या कडेवरून तसे फोटो निघत नाहीत, कोणताही स्कोप आणला तरी. इथून निघतो तो नोंदीचा फोटो : कोणती जात, किती संख्या, नर किती, माद्या किती, काय करत होते.

मग ६० पट वर्धन का लावू नये? स्कोपवर तशी सोय असतेच. उत्तर उजेडात आहे. स्कोपच्या पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत नेत्रिकेतून बाहेर पडतो. पुढचे भिंग ८० मिलिमीटरचे असेल, तर २० पटीला हा झोत ४ मिलिमीटर जाड असतो आणि ६० पटीला फक्त १.३ मिलिमीटर. मोबाईलच्या भिंगाचे उघडे तोंड सुमारे ३ मिलिमीटर असते. म्हणजे २० पटीला मोबाईलचे तोंड पूर्ण भरते, साधारण २७ पटीपर्यंत भरलेले राहते आणि पुढे रिकामे पडू लागते. ६० पटीला मोबाईलला जेमतेम एक पंचमांश प्रकाश मिळतो. हिवाळी सकाळच्या मंद उजेडात ही कपात परवडत नाही. मोबाईल ती संवेदनशीलता वाढवून भरून काढतो आणि फोटोत रवाळपणा येतो. म्हणून सकाळी २० ते ३० पट आणि ऊन पक्के झाल्यावर गरज पडली तर ४०. त्यापुढचे आकडे डब्यावर छापण्यापुरते.

मोबाईलमध्ये आणखी एक मेख असते. मागे दोन-तीन कॅमेरे असलेले फोन झूम करताना गुपचूप दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातात. तो नेत्रिकेसमोर नसतो, त्यामुळे पडदा अचानक काळा होतो आणि बिचारा ॲडॉप्टर बोलणी खातो. काही फोनमध्ये कॅमेरा बदलणे बंद करण्याची सोय असते. नसेल तर त्रयस्थ कॅमेरा ॲप वापरून मुख्य कॅमेरा पक्का धरावा लागतो.

थंडी नेमके काय करते?

इंटरनेटवर थंडीतल्या फोटोग्राफीबद्दलचे बहुतेक सल्ले उणे २० अंशांसाठी लिहिलेले असतात. बॅटरी बगलेत ठेवा, पडदा गोठेल, धातूला उघडा हात लावू नका, वगैरे. ज्यांना हिमबिबट्या पाहायला लडाखमधल्या हेमिसला किंवा स्पितीतल्या किब्बरला जायचे आहे, त्यांच्यासाठी ते सोन्यासारखे आहेत. तिथले वाटाडे डोंगर न्याहाळायला स्कोपच वापरतात. लिथियम-आयन बॅटरीतल्या रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात, तिचा अंतर्गत रोध वाढतो आणि ४० टक्के चार्ज दाखवणारा फोन एकाएकी बंद पडतो. फोन गरम झाला की तो चार्ज परत दिसतो. शून्याखाली मात्र फोन चार्जिंगला लावू नये. त्या तापमानाला बॅटरीत लिथियम धातूचा थर बसू लागतो आणि ते नुकसान कायमचे असते.

बुलढाण्यात यातले काहीही घडत नाही. दहा अंशांना बॅटरी किंचित सुस्तावते एवढेच. ती इथे संपते ती पूर्ण उजेडावर ठेवलेल्या पडद्यामुळे आणि लांबलचक व्हिडिओमुळे. एक पॉवर बँक पुरते. इथली खरी अडचण दवाची आणि हवेची आहे.

दव पडते कसे, हे घराबाहेर लावलेल्या दुचाकीवरून कळते. लिंबाखाली लावलेल्या गाडीची सीट सकाळी कोरडी असते आणि उघड्यावर लावलेली ओली, हवा दोघींभोवती सारखीच असताना. कारण निरभ्र रात्री उघडी वस्तू आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-चार अंशांनी थंड होते. हवा दहा अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर साडेआठ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावर दव धरू लागते. उघड्यावर ठेवलेले भिंग तिथे सहज पोहोचते. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी सुरू असलेल्या शिवारात, धरणाच्या काठावर आणि सरोवराच्या तळाशी हवेत ओल जास्त असते, म्हणून तिथे दव लवकर धरते.

उपायही दुचाकीसारखाच आहे, झाकण. स्कोपच्या पुढे सरकणारी नळी असते, ती पूर्ण बाहेर ओढायची. बहुतेक जण ती उन्हासाठीच समजतात, पण भिंगाला दिसणारे आकाश ती कमी करते आणि दव उशिरा धरते. वरून टॉवेल किंवा जुने लोकरी मफलर टाकले तर आणखी बरे. पाहणे थांबले की टोपण लावायचे. स्कोप झाडाखाली उभा करता आला तर उत्तमच.

तरीही दव धरले, तर पुसण्याची घाई करू नये. काळ्या मातीची आणि बेसॉल्टची बारीक धूळ भिंगावर असतेच. ओल्या धुळीवर सदऱ्याचे टोक फिरवले की भिंगाचा लेप खरवडतो. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग स्वच्छ मऊ कापडाने हलके टिपायचे. तोंडाने फुंकर मारणे हा सगळ्यांत वाईट उपाय, कारण फुंकरीत दवापेक्षा जास्त वाफ असते.

श्वासाचा त्रास नेत्रिकेपाशीही होतो. मोबाईल लावण्याआधी माणूस डोळा लावून पक्षी शोधतो आणि नाकातोंडातली वाफ थेट गार काचेवर जाते. कानटोपीवाले याबाबत सुखी, मफलर नाकावरून घेतला की वाफ खाली वळते.

आणखी एक चूक जीपमध्ये होते. चार माणसे काचा बंद करून बसली की गाडीतली हवा दमट आणि उबदार होते. गारठलेला स्कोप आत घेतला की त्याच्यावर पाणी जमते, थंड बाटलीवर जमते तसे. चांगल्या स्कोपमध्ये नायट्रोजन भरून नळी बंद केलेली असते, त्यामुळे आत धुके धरत नाही. स्वस्त स्कोपमध्ये आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यात ही खात्री नसते. म्हणून गाडीत घेण्याआधी स्कोप बाहेरच त्याच्या पिशवीत घालून चेन लावायची आणि घरी पोहोचल्यावर तासाभराने उघडायची. उलटही खरे आहे. उबदार खोलीतून बाहेर काढलेल्या स्कोपच्या नळीत आतली हवा काही वेळ हलत राहते आणि चित्र किंचित मऊ दिसते. वीस-तीस मिनिटे आधी बाहेर काढून ठेवला की हे थांबते. स्कोप बिघडला म्हणून दुकानात परत जाणाऱ्या तक्रारींपैकी काही या वीस मिनिटांच्या असाव्यात.

हवाच थरथरते तेव्हा

सगळे जमवूनही फोटो पाण्याखालून काढल्यासारखा लवलवता येतो, तेव्हा दोष हवेचा असतो. तापमान एक अंशाने बदलले की हवेचा अपवर्तनांक साधारण दशलक्षात एक एवढा बदलतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तव्यावरची हवा नाचताना दिसते ती याच कारणाने. चारशे मीटरच्या वाटेत थंड-गरम हवेचे शेकडो पापुद्रे असतील, तर प्रत्येक जण प्रकाशाला थोडा वाकवतो. ८० मिलिमीटरचे चांगले भिंग तत्त्वतः ४०० मीटरवरचा ३ मिलिमीटरचा तपशील वेगळा दाखवू शकते. प्रत्यक्षात तो दिसतो तो फक्त हवा शांत असतानाच.

हिवाळ्यात सकाळी पाणी हवेपेक्षा उबदार असते. पाण्यालगतची हवा तापते, वर येते, गार हवेत मिसळते. कधी ती वाफेसारखी दिसते, कधी दिसत नाही, पण चित्र मात्र हलवते. धरणाच्या सपाट काठावर बसून पाण्याला समांतर पाहिले, तर नजरेची सगळी वाट या चंचल थरातून जाते. लोणारच्या कडेवरून खाली पाहताना नजर त्या थरातून फक्त शेवटी जाते. उंचीचा हा फायदा मोठा आहे. खडकपूर्णेच्या जलाशयावर, म्हणजे देऊळगाव राजाजवळच्या संत चोखामेळा सागरावर, शंभर मीटरवरचा पक्षीही नऊनंतर थरथरू लागतो. तिथे पाणी ओसरून गाळपेर झालेल्या उघड्या मातीवरून नजर जात असेल, तर ऊन चढताच माती तापते आणि आणखी लवकर. तिथे धरणाच्या भिंतीवर किंवा एखाद्या टेकाडावर उभे राहणे हाच उपाय.

विवराची वाटी आणखी एक गोष्ट करते. रात्री गार झालेली जड हवा अशा वाटीत उतारावरून खाली साचते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या मिटिऑर क्रेटरमध्ये २००६ साली शास्त्रज्ञांनी मोजमापे करून या साचलेल्या थंड हवेचा अभ्यास केला होता. खाली गार, वर उबदार अशी रचना स्थिर असते. ती टिकून आहे तोवर हवा फारशी ढवळत नाही, पण धुके मात्र अडकून राहते. ऊन आत पोहोचले की धुके सुटते आणि ढवळणेही सुरू होते. फोटो काढायचा तो या दोहोंच्या मधल्या वेळात.

तो वेळ कोणता? लोणार गाव विवराच्या ईशान्येला आहे. गावाकडच्या पूर्वेकडील कडेवर उभे राहिले, तर सकाळी सूर्य पाठीमागे राहतो आणि पक्ष्यावर समोरून उजेड पडतो. डिसेंबरअखेर इथे सातच्या सुमारास सूर्य उगवतो. पण पूर्वेची कड स्वतःच सरोवरावर सावली टाकते. विवराची खोली आणि रुंदी यांचा हिशेब केला, तर पश्चिमेच्या काठाला ऊन पोहोचायला सूर्य पाच-साडेपाच अंश वर यावा लागतो, म्हणजे साधारण पाऊण तासाच्या आत ते होते. पायथ्याच्या पूर्व काठाला मात्र सूर्य २४-२५ अंश वर यावा लागतो. त्याला नऊ वाजतात. म्हणजे जवळचे पक्षी सावलीत आणि दूरचे उन्हात, अशी दीड तासाची विचित्र स्थिती असते. आठच्या सुमारास सरोवराच्या मध्यावर पोहणारी बदके हा त्यातला चांगला सौदा. साडेनऊनंतर मोजणी करावी, फोटोचा मोह धरू नये.

सूर्य खाली असतो तेव्हा एक धोकाही असतो. पक्षी शोधताना स्कोप सूर्याकडे वळला आणि डोळा नेत्रिकेला असला, तर क्षणात कायमची इजा होते. मोबाईल लावलेला असेल तर त्याचा सेन्सर जातो. लहान मुले सोबत असतील, तर स्कोप सोडून दूर जाण्याआधी टोपण लावावेच.

हात न लावता बटण कसे दाबायचे?

एक हजार मिलिमीटरवर पडद्याला बोट लागले तरी चौकट हलते, आणि हातमोज्यातल्या बोटाला पडदा दाद देत नाही. दोन सेकंदांचा टायमर, वायरच्या इअरफोनवरचे आवाजाचे बटण किंवा छोटा ब्लूटूथ रिमोट यातले काहीही चालते. तिकाटणे जड हवे. हलके असेल तर मधल्या दांड्याला पिशवी टांगावी, पण ती जमिनीला टेकलेली असावी. अधांतरी पिशवी वाऱ्यात झोके घेते आणि तिच्यासोबत स्कोपही.

थरथरत्या हवेवर एक उतारा आकाशनिरीक्षकांकडून आला आहे. हवा सतत सारखी हलत नाही, मधूनच क्षणभर स्थिर होते. एक मिनिटाचा फोर-के व्हिडिओ काढला, तर सेकंदाला ३० चौकटींच्या दराने १,८०० चित्रे मिळतात, प्रत्येक जवळपास ८० लाख पिक्सेलचे. त्यातल्या पाच-दहा चौकटी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट निघतात. घरी बसून त्या शोधायच्या. कंटाळवाणे काम आहे, पण सलग पन्नास फोटो काढण्यापेक्षा त्यातून जास्त हाती लागते.

चकाकते पाणी आणि काठावरचा पांढरट क्षार यांमुळे मोबाईलचा अंदाज चुकतो. तो सगळे काळवंडवतो, किंवा काळ्या-पांढऱ्या शेकाट्याचा पांढरा भाग पार उडवतो. पक्ष्यावर बोट दाबून उजेड आणि फोकस बांधून टाकायचा आणि मग उजेडाची पट्टी हाताने कमी-जास्त करायची.

यापेक्षा गंभीर गोष्ट फोनच्या ‘हुशारीची’ आहे. नवे फोन धूसर चित्रात स्वतःच तपशील भरतात. फुलाचा, चेहऱ्याचा फोटो त्याने छान दिसत असेल. पण ५० पिक्सेलच्या बदकावर फोनने पिसांच्या रेघा ओढल्या, तर त्या त्या बदकाच्या असतीलच असे नाही. दुर्मिळ पक्ष्याची नोंद अशा फोटोवर उभी राहिली, तर ती चुकीची ठरू शकते. फोनमध्ये रॉ फाइल ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर व्हिडिओ जपून ठेवावा, पक्ष्याची हालचाल खोटी काढणे फोनला अजून तितके सोपे नाही.

असे धूसर फोटो कोणाच्या कामाचे?

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७पासून चालत आलेल्या या मोजणीचे भारतातले बरेचसे काम हौशी लोक करतात. पाचशे बदकांच्या थव्यात थापटे किती आणि छोट्या लालसऱ्या किती, हे डोळ्यांनी मोजताना गोंधळ होतो. थव्याचे एकापुढे एक फोटो असले, तर घरी शांतपणे मोजता येते आणि दुसऱ्यालाही पडताळता येते. मंगोलियात मानेत कॉलर घातलेले पट्टकादंब विदर्भातल्या तलावांवर दिसल्याच्या नोंदी आहेत. अशा कॉलरवरचे अक्षर किंवा पायातल्या कड्याचा रंग वाचता आला, तर तो पक्षी कुठून, कधी निघाला हे कळते, आणि ते वाचण्याचे साधन स्कोपच. असा फोटो किती सुंदर आहे हे कोणी विचारत नाही, अक्षर दिसते का एवढेच पाहतात.

लोणारला तर पाणीच बदलते आहे. जून २०२०मध्ये ते गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. त्यानंतरच्या काही वर्षांत पाण्याची पातळी वाढून काठावरची काही जुनी मंदिरे पाण्याने वेढली गेली. पाणी वाढले की शेकाट्यासारख्या उथळ चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचा काठ बुडतो, तर पोहणाऱ्या बदकांना जागा वाढते. खारेपणा बदलला तर खाद्यही बदलते. हे घडते आहे का, किती, हे सांगायला दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेवरून, त्याच वर्धनाने काढलेले फोटो लागतात. कडेवरचा एखादा ओळखीचा दगड किंवा रेलिंगचा खांब ठरवून तिथेच तिकाटणे रोवले, तर पाच वर्षांचे फोटो शेजारी ठेवता येतात.

परवानगी लागते का?

लोणार, ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही जिल्ह्यातली तिन्ही अभयारण्ये आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२नुसार अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध आहेत आणि फोटोग्राफीसाठी परवाना देण्याची तरतूद कलम २८मध्ये आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर त्यात अधिवासाला किंवा वन्यजीवांना धक्का न लावता अशी अट स्पष्ट आली. प्रवेशाच्या वेळा, शुल्क आणि वाहनांचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारणे बरे. ज्ञानगंगेत अस्वले आणि बिबटे आहेत, तिथे पहाटे एकट्याने तिकाटणे खांद्यावर टाकून भटकणे हा नियमाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

कायद्यातली शिकारीची व्याख्या अनेकांना ठाऊक नसते. प्राण्याला हाकणे, आमिष दाखवणे, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे हेही त्यात येते. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारा किंवा दगड भिरकावणारा स्वतःला छायाचित्रकार समजत असतो.

सरोवराच्या काठापर्यंत उतरण्याची परवानगी मिळालीच, तर परतल्यावर तिकाटण्याचे पाय साध्या पाण्याने धुवावेत. तिथला चिखल खारा आणि अल्कधर्मी असतो, सांध्यांत वाळला की स्क्रू धरतात. स्कोप मात्र धुवायचा नाही. दोन्ही टोपणे काढून तो दुपारच्या सावलीत कोरडा होऊ द्यायचा आणि मग सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा. ओलाच पिशवीत राहिला, तर पावसाळ्यापर्यंत भिंगावर बुरशीची जाळी धरलेली असते.